धंदा स्वतःचा, दवाखाना कोणाच्या भरवशावर?

२ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्र सरकारने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या टप्प्यात फक्त आठ जिल्हे होते. गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, रायगड, मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि आपलं धुळे. जळगावकरांना ती मिळाली २१ नोव्हेंबर २०१३ला, राज्यभर लागू झाली तेव्हा. पुढे २०१७मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, २०२०मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली, रक्कम वाढली, पात्रता बदलली. इतक्या वर्षांच्या ओळखीनंतरही धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या किंवा जळगावच्या फुले मार्केटमधल्या दुकानदाराशी हा विषय काढला, की तो म्हणतो, "ते पिवळ्या कार्डवाल्यांसाठी." मेडिक्लेमचं विचारलं तर, "ते नोकरीवाल्यांचं काम."

या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत खानदेशातली लाखो माणसं उघड्यावर उभी आहेत. सराफ बाजारात पाटल्या घडवणारा कारागीर, दाणा बाजारातला अडत्या, रावेर-यावलकडे केळीच्या गाड्या भरून देणारा, एमआयडीसीत चटईचं छोटं युनिट चालवणारा, दोंडाईच्याचा मिरचीचा व्यापारी, शिरपूरला घरी शिलाई करणारी बाई, स्वतःची रिक्षा चालवणारा, क्लास घेणारा. नोकरदाराच्या ऑफिसात फॉर्म भरायला आणि कार्ड काढून द्यायला कोणीतरी असतं. धंदेवाल्याला हे सगळं गिऱ्हाईक सांभाळून स्वतःच करावं लागतं, आणि मग ओट्यावर ऐकलेल्या गोष्टींवर निर्णय होतो. परवडणारं कव्हर आज इथे मिळतं, याबद्दल मला शंका नाही. मात्र ते एका पॉलिसीत मिळत नाही, दोन-तीन तुकडे जोडून उभं करावं लागतं. आणि नुकसान होतं ते हप्त्यापेक्षा कागदांत जास्त.

"आपलं कार्ड पांढरं. आपल्याला योजना नाही."

हे एकेकाळी खरं होतं, म्हणूनच ते इतकं घट्ट बसलं आहे. पूर्वी पिवळं आणि केशरी कार्ड असलेल्या कुटुंबांनाच योजना होती. पांढऱ्या कार्डवाल्यांत अपवाद होता तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांचा, आणि त्या यादीत जळगावही नव्हतं, धुळेही नव्हतं. वर्षाला लाखाच्या वर उत्पन्न दाखवणारा इथला दुकानदार सरळ बाहेर पडायचा.

२८ जुलै २०२३च्या शासन निर्णयाने हे बदललं आणि १ जुलै २०२४पासून अंमलबजावणी सुरू झाली. आता कार्डाचा रंग पाहिला जात नाही. रेशन कार्ड किंवा अधिवास प्रमाणपत्र असलेलं राज्यातलं कोणतंही कुटुंब पात्र आहे. कव्हर आधी वर्षाला दीड लाख होतं, ते कुटुंबामागे ५ लाख झालं. उपचारांची यादी तेव्हा १,३५६वर गेली. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांची मर्यादा आहे. हप्ता भरायचा नाही.

पण ५ लाख म्हटल्यावर कोणत्याही दवाखान्यात, कोणत्याही आजाराला ५ लाख, असं कोणी समजू नये. रुग्णालय योजनेशी संलग्न हवं आणि उपचार यादीत हवा. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. दाखल न होता घेतलेल्या रोजच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरची फी यात येत नाही. संलग्न रुग्णालयात योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, बसलेला असतो. दाखल होताना पहिली गाठ त्याची घ्यायची, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. घरबसल्या विचारायचं तर १५५३८८ हा क्रमांक आहे. उपचारांसाठी सुरतेला जायची सवय असलेल्या धुळे-नवापूर पट्ट्यातल्या लोकांनी निघण्याआधीच विचारून घ्यावं, कारण गुजरातच्या रुग्णालयात फुले योजना चालेलच असं धरून चालता येत नाही.

खरी अडचण कार्डाच्या आतल्या पानावर असते. लग्न होऊन धुळ्याहून जळगावला आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नसतं, म्हणून सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. आधारवर नाव एक, रेशन कार्डावर त्याच्यापुढे 'बाई' लागलेलं. भाऊ वेगळे झाले, चुली दोन झाल्या, कार्ड अजून वडिलांच्या नावावर एकच. वडील जाऊन चार वर्षं झाली तरी कुटुंबप्रमुख तेच. ही दुरुस्ती धडधाकट असताना पुरवठा शाखेच्या एक-दोन खेपांत होते. पेशंट आयसीयूत असताना तीच खेप नातेवाइकांचा जीव काढते. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरीची सोय योजनेत आहे, तरी कागद शेवटी द्यावेच लागतात. विम्यासाठी एकही रुपया खर्च करण्याआधी आज संध्याकाळी घरातलं रेशन कार्ड आणि सगळ्यांची आधार कार्डं शेजारी ठेवून नावं ताडून पाहा. त्याहून स्वस्त विमा मला माहीत नाही.

"बँकेतून पैसे कटतात, म्हणजे विमा आहे."

वर्षाला २० रुपये कटत असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघातात मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर २ लाखांपर्यंत मिळतात. ४३६ रुपये कटत असतील तर ती जीवनज्योती, म्हणजे मृत्यूनंतर वारसाला २ लाख. दोन्ही चांगल्या आहेत, जरूर ठेवाव्यात. पण डेंग्यू झाला, अपेंडिक्स फुटलं, बायपास करायची वेळ आली, तर या दोन्हींतून दमडी मिळत नाही. पोस्टाच्या बँकेतून तीनशे-चारशे रुपयांत मिळणाऱ्या पॉलिसीही मुळात अपघाताच्या असतात.

बँकेने किंवा पतपेढीने खातेदारांसाठी घेतलेली सामूहिक आरोग्य पॉलिसी मात्र खरोखर आरोग्य विमा असते, आणि पुष्कळदा स्वस्तही. तिथे एवढंच ध्यानात ठेवायचं की करार बँकेचा आणि कंपनीचा आहे. बँकेने उद्या तो बंद केला तर त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज वेळेत करावा लागतो.

छोट्या कारखानदारांचा आणखी एक समज आहे: "मी कामगारांचं ईएसआयसी भरतो, मग मलाही दवाखाना आहेच." तसं नाही. ईएसआयसी महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. मालक त्यात बसत नाही. गुमास्ता परवाना काढला, उद्यम नोंदणी केली, म्हणूनही आरोग्य विमा आपोआप मिळत नाही.

"आपण छोट्या गावातले. लाख-दोन लाखांची स्वस्त पॉलिसी पुरे."

आजारपण जळगावात किंवा धुळ्यातच आटोपणार असेल, तर हे बरंचसं बरोबर आहे. पण आपल्याकडचा गंभीर पेशंट जळगावात थांबतो का? हृदय, मेंदू, कॅन्सर म्हटलं की गाडी नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई नाहीतर सुरतेकडे वळते. पॉलिसी घेताना भाव जळगावचा पाहिला जातो आणि बिल मुंबईचं येतं.

आकड्यांत पाहू. एप्रिल २०२०पासून विमा नियामकाने आरोग्य संजीवनी ही प्रमाणित पॉलिसी आणली. कंपनी कोणतीही असो, अटी त्याच, फक्त हप्ता वेगळा. त्यामुळे तुलना सोपी. ५०,०००पासून १० लाखांपर्यंत ती मिळते, हप्ता महिन्याने किंवा तिमाहीने भरता येतो, म्हणजे ज्याचा पैसा हंगामात येतो त्याला सोयीची. तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या २ टक्के, आणि कितीही झालं तरी दिवसाला ५,०००. शिवाय प्रत्येक क्लेममधले ५ टक्के आपल्या खिशातून.

समजा तुमच्याकडे २ लाखांची ही पॉलिसी आहे. खोलीची मर्यादा ४,०००. मुंबईत चार दिवसांसाठी ८,०००ची खोली घेतली. भाडं झालं ३२,०००, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून ८०,०००, औषधं ३०,०००. एकूण १,४२,०००. पेशंटचे नातेवाईक समजतात की खोलीचे वरचे १६,००० तेवढे आपले. तसं होत नाही. खोली दुप्पट घेतली, म्हणून खोलीशी निगडित खर्चही निम्माच धरला जातो. भाड्याचे १६,०००, डॉक्टर-थिएटरचे ४०,००० आणि औषधांचे पूर्ण ३०,०००, असे ८६,००० मान्य होतात. त्यातून ५ टक्के वजा, म्हणजे हाती ८१,७००. उरलेले ६०,३०० तुमचे. हीच शस्त्रक्रिया इथे अडीच हजारांच्या खोलीत झाली असती, तर या कलमाने एक रुपयाही कापला नसता. औषधं, इम्प्लांट, तपासण्या या प्रमाणशीर कपातीतून वगळलेल्या आहेत आणि आयसीयूच्या खर्चालाही ती लागत नाही, हे नियामकाचे नियम आहेत. बिल कापून आलं तर ते वाचून दाखवायचे.

विमा रक्कम वाढवली तरी आरोग्य संजीवनीत खोली ५,०००वरच अडते. मग करायचं काय? हप्ता झेपत असेल तर खोलीची अट नसलेली ५ लाखांची पॉलिसी घ्यावी. झेपत नसेल तर आरोग्य संजीवनी ठेवावी, बाहेरगावी सामान्य वॉर्ड किंवा दोन खाटांची खोली मागावी, आणि वरच्या खर्चासाठी सुपर टॉप-अप जोडावा. सुपर टॉप-अप म्हणजे वर्षभरातला एकूण खर्च, समजा, ५ लाखांच्या वर गेला की तिथून पुढचा भार उचलणारी पॉलिसी. पहिला भार ती उचलत नसल्याने हप्ता पुष्कळच कमी असतो. नुसता टॉप-अप घेऊ नका. तो दर वेळच्या दाखल होण्याचा हिशेब वेगळा धरतो. केमोथेरपीसारख्या पुन्हा पुन्हा दाखल होण्याच्या आजारात मर्यादा ओलांडलीच जात नाही आणि पॉलिसी कपाटातच राहते.

काही कंपन्या शहरांचे झोन करतात. जळगाव-धुळ्याच्या पत्त्यावर हप्ता कमी लागतो, आणि त्याच पॉलिसीवर मोठ्या शहरात उपचार घेतले तर ठरावीक टक्के स्वतः भरा, अशी अट आत कुठेतरी असते. एजंटला एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या: "मुंबईला ॲडमिट झालो तर किती कापणार?" पॉलिसीसोबत माहितीपत्रक द्यावंच लागतं आणि ते मराठीत मागायचा तुम्हाला हक्क आहे.

"शुगर-बीपी लिहिलं तर पॉलिसी मिळत नाही."

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा. फॉर्म बहुतेक वेळा एजंटच्या मोबाइलवर भरला जातो. दुकानात गिऱ्हाईक उभं असतं, एजंट भराभर विचारतो, "काही आजार नाही ना शेठ?" शेठ म्हणतात, "तशी शुगरची गोळी चालू आहे." एजंट म्हणतो, "ते काही लिहायला नको." ओटीपी जातो, पॉलिसी येते. दोन वर्षांनी हृदयविकाराचा झटका येतो. दाखल करून घेणारे डॉक्टर विचारतात, शुगर कधीपासून? घाबरलेली बायको खरं सांगते: "सात-आठ वर्षं झाली." ते केसपेपरवर लिहिलं जातं, तोच केसपेपर कंपनीकडे जातो, आणि क्लेमसोबत पॉलिसीही रद्द होते. एजंटने काय सांगितलं होतं याचा पुरावा कुठेच नसतो.

आजार लिहिला तर काय होतं? बहुधा हप्ता थोडा वाढतो किंवा त्या आजारासाठी थांबण्याचा काळ लागतो. १ एप्रिल २०२४पासून हा काळ जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. आधी तो ४८ होता. एखादी कंपनी नाकारेलही. मग दुसरीकडे अर्ज करायचा. शिवाय पॉलिसी सलग ६० महिने चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, जुना आजार सांगितला नव्हता या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. खरं सांगून तीन वर्षं थांबलेला माणूस चौथ्या वर्षी निर्धास्त असतो. लपवणाऱ्याला पाच वर्षं आजारी न पडण्याची आशा करत बसावं लागतं.

पॉलिसी हातात आल्यावर तुमच्या नावाने भरलेल्या फॉर्मची प्रत वाचा. चुकीचं काही दिसलं तर लगेच कळवा. पटलं नाही तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते.

"माले काय व्हस?"

पस्तिशीतला तगडा माणूस हे म्हणतो, आणि मुतखड्याने गडबडा लोळायला लागल्यावर पॉलिसी काढायला धावतो. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस कव्हर नसतं. मुतखडा, हर्निया, मूळव्याध, मोतीबिंदू, गर्भाशयाची शस्त्रक्रिया, गुडघेबदल अशा ठरावीक उपचारांना साधारण दोन वर्षं थांबावं लागतं, काहींना त्याहून जास्त. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उभं राहून काम करणाऱ्या खानदेशी माणसाने या यादीतला मुतखडा तरी गांभीर्याने घ्यावा. थांबण्याचं घड्याळ पॉलिसी घेतल्या दिवसापासून चालू होतं, म्हणून पंचविशीत घेतलेली छोटी पॉलिसी चाळिशीत घेतलेल्या मोठ्या पॉलिसीपेक्षा कामाला येते. पुढे कंपनी बदलायची झाली तर नूतनीकरणाच्या दीडेक महिना आधी पोर्टिंगचा अर्ज करावा; पुरी केलेली वर्षं सोबत येतात.

"आई-वडील म्हातारे, त्यांना आता कोण घेणार?"

वयाची पासष्टची अट २०२४मध्ये निघाली. कोणत्याही वयाला पॉलिसी मागता येते. अडचण किमतीची आहे. कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीचा हप्ता सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. अडुसष्ट वर्षांच्या वडिलांना त्यात घातलं की तिशीतल्या नवरा-बायकोचा आणि मुलांचा हप्ताही फुगतो. एकत्र कुटुंब असलं तरी पॉलिसी वेगळ्या ठेवा.

वय ७० पूर्ण असेल तर २९ ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही, खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर वृद्धांसाठी ५ लाखांचं स्वतंत्र कव्हर मिळतं. आधार कार्डावरून वय धरलं जातं, आणि आपल्या गावांकडे जुन्या लोकांची आधारवरची जन्मतारीख पुष्कळदा अंदाजाने लिहिलेली असते, म्हणून ती आधी पाहून घ्या. साठ ते सत्तरच्या मधल्या आई-वडिलांसाठी मला आज सर्वांत जास्त काळजी वाटते. त्यांची खासगी पॉलिसी महाग आहे. निदान फुले योजनेचे कागद तरी त्यांचे पक्के असावेत.

"मेडिक्लेमवर टॅक्स वाचतो" आणि "त्यावर अठरा टक्के जीएसटी लागतो"

दोन्ही जुन्या गोष्टी. हप्त्यावरची करसूट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. आज आपोआप लागू होते ती नवी, आणि तीत ही सूट नाही. हप्ता रोखीने भरला तर जुन्या प्रणालीतही सूट मिळत नाही. जीएसटी वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसींवरून २२ सप्टेंबर २०२५पासून पूर्ण उठला. १५,००० मूळ हप्त्याला आधी १७,७०० द्यावे लागत, आता १५,०००. त्याआधीच्या कोटेशनवरून महाग ठरवून सोडून दिलं असेल, तर नवं कोटेशन मागा.

"ओळखीच्या डॉक्टरकडे दाखल झालो, क्लेम होईलच."

आपल्याकडे गल्लीतला सहा-आठ खाटांचा दवाखाना हाच पहिला आधार. विम्याच्या व्याख्येत रुग्णालय म्हणजे कायद्याखाली नोंदणी झालेलं. नोंदणी नसेल तर १० लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास नर्स व डॉक्टर आणि सुसज्ज थिएटर हवं. महाराष्ट्रात नर्सिंग होमची नोंदणी १९४९च्या कायद्याखाली होते. नोंदणी असेल तर खाटा कमी असूनही अडत नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना त्यांचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. बिलावर तो छापलेला असावा.

दवाखाना कंपनीच्या यादीत नसला तरी जानेवारी २०२४पासून कॅशलेस मागता येतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनला ४८ तास आधी, तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवायचं. दवाखान्याने मात्र तयारी दाखवली पाहिजे.

"बिल भागलं की झालं."

पगारदाराला आजारपणाची रजा असते. सोनार कारागिराचा हात प्लास्टरमध्ये गेला तर दोन महिने घडणावळ बंद, रिक्षावाल्याचा पाय मोडला तर रिक्षाही उभी आणि तिचा बँकेचा हप्ताही उभा. मेडिक्लेम फक्त दवाखान्याचं बिल देतो, बुडालेली कमाई देत नाही. त्यासाठी वैयक्तिक अपघात पॉलिसीत तात्पुरत्या अपंगत्वाचा आठवड्याला ठरावीक रक्कम देणारा भाग असतो, तो मागून घ्यावा लागतो; एजंट स्वतःहून क्वचितच सांगतो. दाखल असलेल्या दर दिवसाला रोख देणारं कव्हरही मिळतं. हाताने काम करणाऱ्यासाठी मी अपघात पॉलिसीला सुपर टॉप-अपच्याही आधी जागा देईन.

आणि क्लेम नाकारला गेला तर? आपल्याकडे लोक दोन-चार फोन करतात, एजंटशी भांडतात आणि सोडून देतात. नकाराचं कारण पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागायचं. कंपनीच्या क्लेम समितीच्या मंजुरीशिवाय नकार देता येत नाही, हाही नियम आहे. मग कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जायचं. जळगाव आणि धुळे पुण्याच्या कार्यालयाखाली येतात. ५० लाखांपर्यंतची तक्रार तिथे चालते, फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.